लाहौल: टनेल झाला, पण गेट कोणाच्या हातात?

हिमाचलचा नकाशा उघडून बघितलात तर वरच्या बाजूला एक भलामोठा तुकडा दिसतो, तो लाहौल-स्पिती जिल्हा. क्षेत्रफळ १३,८४१ चौरस किलोमीटरच्या आसपास, राज्यातला सगळ्यात मोठा, आपल्या गडचिरोलीपेक्षा थोडासाच लहान. पण २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत दहा लाखांवर माणसं होती आणि इथे ३१,५६४. चौरस किलोमीटरला दोन माणसं, आणि तीही नदीकाठच्या बारीकशा पट्ट्यात, बाकी सगळा डोंगर, ग्लेशियर आणि उघडं थंड वाळवंट.

मनालीहून लेहला बाइक नेणाऱ्या आपल्या मराठी ग्रुप्सना हा जिल्हा माहीत असतो तो एवढाच, की केलाँगला किंवा जिस्पाला रात्रीचा मुक्काम केला, सकाळी बारालाचा खिंडीकडे निघालो. तेही जून ते सप्टेंबर. उरलेलं वर्ष तिथली माणसं काय करतात हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही, आणि २०२० पर्यंत तो पडायचं कारणही नव्हतं कारण त्यातले पाच-सहा महिने मनालीहून तिथे जायला रस्ताच नसायचा.

हे प्रकरण आहे ३ ऑक्टोबर २०२० नंतरचं, म्हणजे रोहतांग खिंडीच्या खालून अटल टनेल सुरू झाला त्यानंतरच्या लाहौलचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टनेल व्हायलाच हवा होता, खरं तर वीस वर्षं आधी व्हायला हवा होता. पण रोहतांगचा बर्फ माणसांना अडवायचा तसा तो गर्दीलाही अडवायचा, कचऱ्याला अडवायचा, जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांना अडवायचा, वर्षातले पाच-सहा महिने गाव फक्त गावकऱ्यांचं ठेवायचा. टनेलचा प्लॅन करताना प्रवासाचा विचार झाला, सैन्याचा झाला, या बाकीच्या गोष्टी आता कोण बघणार याचा झाला नाही, आणि ते सगळं आता तिथल्या लोकांना मीटिंगा घेऊन, भांडून, नियम करून करावं लागतंय.

रोहतांग बंद म्हणजे नेमकं काय

आधी भूगोल समजून घ्या कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिल्ह्याचे दोन भाग. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या दोन नद्या येतात, तांडीला मिळतात, तिथून चंद्रभागा म्हणून पुढे जातात आणि जम्मूकडे गेल्यावर तिलाच चिनाब म्हणतात. स्पिती हे पूर्वेकडचं वेगळंच खोरं, मधे कुंजुमची खिंड, साडेचार हजार मीटरच्या वर. आणि लाहौल व मनाली यांच्या मधे रोहतांग, ३,९७८ मीटर. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिल-मेपर्यंत रोहतांग बंद, कुंजुम तर त्याहून जास्त काळ बंद. लाहौलला बाहेरच्या जगाशी जोडणारा मनालीचा रस्ताच बंद म्हणजे खोरं बंद.

त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे नुसती पळापळ. शेतमाल बाहेर काढायचा, सरकारी गोदामात हिवाळ्याचं रेशन भरून घ्यायचं, जळाऊ लाकूड, रॉकेल, गुरांचा चारा, औषधं सगळं आत घ्यायचं. जमिनीवर बर्फ बसला की घरातली मोठी खोली सोडून सगळं कुटुंब एका खोलीत येतं. मधोमध लोखंडी शेगडी, तिला तिकडे तंदूर म्हणतात, तिचा धुराचा पाइप छतातून बाहेर, तिच्यावरच चहा, तिच्यावरच जेवण, बर्फ वितळवून पाणी तिच्यावरच, आणि रात्री तिच्याभोवतीच अंथरुणं. दिवसभर बायकांच्या हातात विणकामाच्या सुया. लाहौलचे नक्षीचे लोकरी मोजे आणि हातमोजे यांना २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं. विणायची ही पद्धत तिथे रुजली ती केलाँगला १८५० च्या दशकात आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांमुळे, बटाटाही त्यांनीच आणला असं मानतात. धर्म त्यांचा फारसा कोणी घेतला नाही, पण मोजे आणि बटाटा ठेवून घेतला, आणि बटाट्यानं पुढे या खोऱ्याचं नशीबच पालटलं, त्याबद्दल पुढे येतोच.

हे ऐकायला छान वाटतं आणि फोटोत अजूनच छान दिसतं, पण कोणाला अपेंडिक्सचा त्रास झाला, बाळंतपण अडलं, तर? राज्य सरकार हिवाळ्यात कुल्लूजवळच्या भुंतरहून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या करायचं. पेशंटला प्राधान्य, बाकीच्यांनी नाव नोंदवून वाट बघायची, आणि हवा बिघडली की आठ आठ दिवस हेलिकॉप्टरचा पत्ताच नाही. ज्यांना थांबणं शक्य नसायचं ते चालत रोहतांग ओलांडायचे. हे इतकं नेहमीचं होतं की प्रशासन हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मढी आणि कोकसरला रेस्क्यू पोस्ट उभ्या करायचं, चालत जाणाऱ्यांची नोंद घ्यायला आणि कोणी अडकलं तर काढायला. तरी माणसं मरायची. मार्च १९७९ मध्ये तर लाहौलमध्ये इतके हिमस्खलन झाले की दोनशेच्या वर माणसं गेली, आणि एवढ्या छोट्या लोकसंख्येत दोनशे म्हणजे जवळपास प्रत्येक घराचं कोणीतरी ओळखीचं.

निवडणुकासुद्धा बर्फाच्या सोयीनं. २००७ च्या विधानसभेला लाहौल-स्पितीसह आदिवासी मतदारसंघांत नोव्हेंबरमध्येच मतदान उरकून घेतलं आणि उरलेल्या हिमाचलनं डिसेंबरमध्ये केलं. म्हणून "निवांत, शांत, जगापासून दूर" वगैरे कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो, त्या दूर असण्याची किंमत दुसरं कोणीतरी मोजत होतं.

एका सिझनची शेती

पैसा कुठून येतो हे बघितल्याशिवाय टनेलचा परिणाम कळत नाही. इथे वर्षाला एकच पीक. मे मध्ये पेरा, सप्टेंबरमध्ये काढा, संपलं. पूर्वी कूठ नावाची औषधी मुळी लावायचे, १९२० च्या दशकात ती आली आणि काही घरांनी चांगला पैसा केला. मग बियाण्याचा बटाटा. बटाट्याचे व्हायरस पसरवते मावा ही कीड, आणि या उंचीवर, या थंडीत माव्याचं फारसं चालत नाही, त्यामुळे इथलं बेणं निरोगी. १९६६ मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, लाहौल पोटॅटो सोसायटी, तिला सगळे एलपीएस म्हणतात, आणि तिच्यामार्फत बेणं देशभर गेलं. नंतर मटार, फ्लॉवर, आइसबर्ग लेट्यूस, ब्रोकोली. मैदानात जेव्हा फ्लॉवर मिळत नाही नेमकं तेव्हा लाहौलचा निघतो, त्यामुळे भाव बरा मिळतो.

या पैशातून लोकांनी मुलं शिकवली, आणि फार चांगली शिकवली. एवढ्याशा खोऱ्यातून आयएएस, डॉक्टर, इंजिनिअर झालेल्यांची संख्या बघितली तर आश्चर्य वाटतं. बऱ्याच घरांनी कुल्लू खोऱ्यात दुसरं घर केलं, म्हणजे हिवाळ्यात मुलं आणि म्हातारी माणसं तिकडे, गुरांपाशी आणि घरापाशी एक-दोन जण मागे. म्हणजे लाहौलचा हिवाळा आधीपासूनच अर्ध्या गावाचा होता. गरीब, मागास, बिचारे असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. हे लोक बाजार ओळखून आहेत, संघटना चालवून आहेत, आणि पुढे जे घडलं त्यात ते नुसते बघत बसले नाहीत याचं कारण हेच.

टनेल

टनेलची मागणी लाहौलच्याच लोकांनी लावून धरली होती. वाजपेयींचे जुने मित्र टशी दावा, म्हणजे अर्जुन गोपाल, हे लाहौलचे, त्यांनी दिल्लीला जाऊन वाजपेयींकडे शब्द टाकला ही गोष्ट आता सरकारी पातळीवरही सांगितली जाते. जून २००० मध्ये वाजपेयींनी घोषणा केली, मे २००२ मध्ये दक्षिण टोकाकडे जाणाऱ्या रस्त्याची पायाभरणी झाली, आणि मग बरीच वर्षं नुसती कागदावर. २८ जून २०१० ला सोनिया गांधींच्या हस्ते मुख्य टनेलची पायाभरणी. काम बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनचं, म्हणजे बीआरओचं, कंत्राट ऑस्ट्रियाची श्ट्राबाग आणि आपल्या मुंबईची अ‍ॅफकॉन्स यांच्या जॉइंट व्हेंचरकडे.

उत्तर टोकाला काम करायला मिळायचं ते रोहतांग उघडा असेल तेवढे महिनेच, त्यामुळे जास्त खोदकाम दक्षिणेकडून झालं. आणि दक्षिणेकडूनच सेरी नाला आडवा आला. टनेलच्या वरून वाहणारा हा नाला, खाली खडक पूर्ण पिचलेला, खोदलं की पाणी आणि राडा आत. हा पट्टा फक्त ५८७ मीटरचा, पण तो पार करायला वर्षानुवर्षं गेली, ठरलेली तारीख कधीच मागे पडली. शेवटी १५ ऑक्टोबर २०१७ ला दोन्ही बाजू एकमेकींना मिळाल्या. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची तीन हजार मीटरच्या वर, खर्च तीन हजार कोटींच्या पुढे. मनालीहून लाहौलच्या बाजूचं अंतर ४६ किलोमीटरनं कमी, वेळ चार-पाच तासांनी कमी. आत दर दीडशे मीटरला इमर्जन्सी फोन, दर साठ मीटरला फायर हायड्रंट, आणि रस्त्याच्या खालून पळून जायला वेगळा बोगदा. इंजिनिअरिंग म्हणून खरोखर अभिमान वाटावा असं काम आहे.

अधिकृत उद्घाटनाच्या आधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, लाहौलच्या लोकांसाठी एचआरटीसीची, म्हणजे हिमाचलच्या एसटीची, बस आतून सोडायला लागले. त्या बसमधल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलं असेल याचा विचार करा, ज्यांनी तरुणपणी हाच डोंगर चालत, पाठीवर सामान घेऊन पार केला होता आणि त्यात आपली माणसं घालवली होती.

पहिलाच हिवाळा

टनेल उघडला ऑक्टोबर २०२० ला, म्हणजे ऐन कोविडमध्ये. एरवी त्या महिन्यात खोरं बंद व्हायच्या तयारीत असतं, या वेळी उलटंच, टनेल बघायला लोटच्या लोट. लोक आत गाड्या थांबवून व्हिडिओ काढायला लागले, रेसिंग करायला लागले, उद्घाटनानंतर दोन-चार दिवसांतच अपघात सुरू झाले आणि पोलिस बसवावे लागले.

नोव्हेंबरमध्ये थोरांग नावाच्या गावाची बातमी आली. मनाली-लेह हायवेवरचं लहानसं गाव, बरेचसे लोक हिवाळ्यासाठी कुल्लूला गेलेले, चाळीसएक माणसं उरलेली. टेस्ट केल्यावर एक माणूस सोडून सगळं गाव पॉझिटिव्ह. तो एकटा वेगळ्या खोलीत राहत होता, स्वतःचं स्वतः रांधून खात होता. बाकीच्यांनी काही बेपर्वाई केली असं कृपया समजू नका. वर ती एका खोलीची गोष्ट सांगितली ना, तंदूरभोवती सगळं घर एकत्र, ती खोली आणि धार्मिक कार्यक्रमाला गाव जमणं, एवढं व्हायरसला पुरेसं होतं. उणे तापमानात जिवंत राहायची जी पद्धत आहे तीच त्या वेळी घातक ठरली.

व्हायरस टनेलमधून टुरिस्टांबरोबरच आला असं मी म्हणणार नाही, लोक कुल्लूला ये-जा करत होतेच. पण जिल्ह्याची भीती खरी होती, केसेस लोकसंख्येच्या मानानं भयंकर होत्या आणि हॉस्पिटलची ताकद जेमतेम. मग प्रशासनानं ठरवलं की टुरिस्टनी उत्तर टोकाजवळच्या तेलिंग नाल्यापलीकडे यायचं नाही. म्हणजे उद्घाटनाला दोन महिनेही झाले नव्हते आणि जे काम आजवर रोहतांगचा बर्फ करायचा तेच काम करायला माणसांना बॅरिकेड लावावं लागलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची जागा हीच आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये स्पितीतल्या काझाला जे झालं तेही इथेच सांगायला हवं. स्पितीच्या लोकांनी आपसात ठरवून बाहेरून येणाऱ्याला क्वारंटाइन सक्तीचं केलेलं. राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री रामलाल मार्कंडा, जे याच मतदारसंघाचे आमदार होते, ते आले तर काझाच्या बायकांनी त्यांची गाडी अडवली, नियम सगळ्यांना सारखा, आधी क्वारंटाइन व्हा नाहीतर परत जा. मंत्री परत गेले. नंतर दोनशेच्या आसपास बायकांवर गुन्हा दाखल झाला. मला त्या बायका शंभर टक्के बरोबर वाटतात. आपल्या खोऱ्यात कोणी यायचं आणि कसं यायचं हे आपण ठरवायचं ही गोष्ट त्यांना जितकी स्वच्छ कळली होती तितकी शिमल्यात बसलेल्यांना कळली नव्हती.

मग गर्दी

कोविड ओसरल्यावर जे सुरू झालं ते अजून चालू आहे. टनेलमधून बाहेर पडलं की लगेच सिस्सू. पूर्वी तिथे गाड्या चहाला थांबायच्या नाहीतर न थांबताच जायच्या. आता झिपलाइन, एटीव्ही, मॅगीच्या टपऱ्या, भाड्याचे फरचे कोट, बर्फात लोळणारी माणसं. दिल्ली-चंदिगडहून वीकेंडला, आणि आपल्याकडून विमान-टॅक्सी करून, मनालीचं पॅकेज घेणाऱ्या सगळ्यांच्या लिस्टमध्ये "अटल टनेल-सिस्सू" हा एक दिवस असतोच. टनेलची क्षमता ठरवली होती रोज तीन हजार कार आणि दीड हजार ट्रक. २०२३ च्या ख्रिसमसला त्याच्या कितीतरी जास्त गाड्या एका दिवसात गेल्या, आणि रांग चुकवायला एकानं थार गाडी सरळ चंद्रा नदीत घातली, तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. पोलिसांनी चलान केलं. डिसेंबर २०२४ मध्ये बर्फ पडला तेव्हा सोलांग आणि टनेलच्या मधे हजारेक गाड्या अडकल्या, रात्रभर पोलिस लोकांना काढत होते. कारण टनेल बारा महिने उघडा असला तरी त्याच्याकडे जाणारा, धुंदी नावाच्या ठिकाणावरचा रस्ता हिमस्खलनाच्या पट्ट्यातून जातो, तो उघडा राहतो तो बीआरओनं बर्फ काढला तरच. हे पॅकेजवाला सांगत नाही.

आता याची दुसरी बाजूही नीट मांडायला हवी नाहीतर अन्याय होईल. होमस्टे निघाले, हिवाळ्यात ज्या पोरांना काहीच काम नसायचं ती टॅक्सी चालवतायत, मोजे दारातच विकले जातायत. फ्लॉवरचा ट्रक रोहतांगच्या जाममध्ये अडकून माल सडायचा तो प्रकार गेला. पेशंट दोन-तीन तासांत कुल्लूला पोचतो, आणि नुसत्या या एका कारणासाठीसुद्धा टनेलचे तीन हजार कोटी वसूल झाले असं मी म्हणेन. पण यातूनच दुसरा प्रश्न निघतो, आता पेशंट कुल्लूला नेता येतो म्हटल्यावर केलाँगला स्पेशालिस्ट डॉक्टर द्यायची निकड सरकारला वाटणार का? डॉक्टरांची कमतरता ही तिथली जुनी तक्रार आहे आणि टनेल हे तिचं उत्तर होऊ शकत नाही, रात्री बर्फ पडत असताना तर अजिबातच नाही.

पैसा येतो तोही सगळीकडे सारखा येत नाही. टनेलच्या तोंडाशी असलेल्या सिस्सू-कोकसरला जेवढा येतो तेवढा आत मयाड खोऱ्यात किंवा लाहौलमधल्याच उदयपूरकडच्या लहान गावांना येत नाही. डे-ट्रिपवाला सकाळी येतो, प्लास्टिक टाकतो, संध्याकाळी मनालीला जाऊन झोपतो, मुक्कामाचे पैसे मनालीला, कचरा लाहौलला. आणि हा कचरा चार-पाच महिने बर्फाखाली राहून मेमध्ये शेतात वर येतो, जिथून नेमकं कुलाचं पाणी पुढच्या शेतांना जातं. कूल म्हणजे ग्लेशियरच्या ओढ्यापासून गावानं काढलेला पाट, त्याची साफसफाई आणि पाण्याच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या गावच ठरवतं.

गावानं काय केलं

हिवाळा हा लाहौलच्या सणांचा काळ. शेती नाही, पाहुणे नाहीत, सगळे घरी, त्यामुळे सगळे मोठे सण जानेवारी-फेब्रुवारीत. हालडा नावाच्या सणात प्रत्येक घर लाकडाच्या फाका बांधून मशाल करतं, लामांनी काढलेल्या मुहूर्तावर रात्री सगळ्या मशाली पेटवून गावाबाहेर एका जागी आणतात. पट्टन खोऱ्यात, म्हणजे चंद्रभागेच्या काठाला, फागली, भागा खोऱ्यात गोची. काही गावांत या दिवसांत देव गावात नसतो अशी श्रद्धा, तेव्हा आवाज करायचा नाही, शांतता पाळायची. आता कल्पना करा, गाव शांतता पाळतंय आणि रस्त्यावर शंभर गाड्या स्पीकर लावून उभ्या.

सिस्सूकडच्या पंचायतींनी अलीकडच्या वर्षांत सरळ ठराव केला, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत टुरिस्ट अ‍ॅक्टिव्हिटी बंद. राजा घेपन हा त्या भागाचा मोठा देव, त्याच्या नावानं घेतलेला निर्णय. आणि लक्षात घ्या, हा टुरिस्टांचा ऐन सिझन असतो, ताजा बर्फ, वीकेंडची गर्दी. म्हणजे नुकसान झालं ते ठराव करणाऱ्यांचं स्वतःचं, त्यांच्याच पोरांच्या झिपलाइन आणि टपऱ्या बंद. असा ठराव करायला गावात एकमत लागतं आणि ते सोपं नसतं, कर्ज काढून गाडी घेतलेला एखादा तरुण नक्कीच कुरकुरत असणार, त्याचं ऐकूनही घ्यायला हवं. पण त्यांनी ते जमवलं. पूर्वी बर्फ जी सुट्टी आपोआप द्यायचा ती आता पंचायत ठरावानं देते.

हे जमण्यामागे दोन गोष्टी आहेत असं मला वाटतं. एक म्हणजे महिला मंडळं, ती तिथे फार जबरदस्त आहेत. दुसरी म्हणजे जमीन. जिल्ह्यात ऐंशी टक्क्यांवर लोक अनुसूचित जमातीचे, जिल्हा राज्यघटनेच्या आदिवासी भागांसाठीच्या पाचव्या अनुसूचीत, आणि हिमाचलच्या १९६८ च्या कायद्यानं आदिवासीची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही. त्यामुळे मनालीचं जे झालं, म्हणजे बाहेरच्या पैशाची हॉटेलं आणि गाववाला त्यात मॅनेजर, ते इथे अजून झालेलं नाही. जमीन गावाची म्हणून ठरावाला वजन. लीज, पार्टनरशिप असे आडमार्ग असतातच आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागणार. आणि एक गोष्ट बोलायलाच हवी, की याच भागातल्या रूढीप्रमाणे मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क मिळत नाही, हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि टनेलमुळे जमिनीची किंमत वाढली तसा हा अन्यायही मोठा झाला. मंत्र्याची गाडी अडवतात त्या बायका, मंडळं चालवतात त्या बायका, आणि सात-बाऱ्यावर नाव नाही. जमिनीचं संरक्षण ठेवून हे बदलता येतं, पण ते त्या समाजानं आतून करायला हवं.

संघटित विरोधाची सवयही जुनी आहे. जिस्पाच्या धरणाला लोकांनी संघर्ष समिती काढून वर्षानुवर्षं विरोध केला, चिनाबवरच्या बाकी जलविद्युत प्रकल्पांनाही विरोध चालू आहे.

डोक्यावरचं तळं

गर्दी जिथे सगळ्यात जास्त, म्हणजे सिस्सूला, त्याच्याच वर चार हजार मीटरवर घेपन गाथ नावाचं ग्लेशियरचं तळं आहे. इस्रोनं २०२४ मध्ये सॅटेलाइटच्या चित्रांवरून सांगितलं की १९८९ ला हे तळं ३६.४९ हेक्टर होतं, २०२२ ला १०१.३० हेक्टर झालं. जवळपास तिप्पट. ग्लेशियर वितळून मागे सरकतंय, समोर दगडगोट्यांचा नैसर्गिक बांध, तो फुटला तर पाणी सिस्सू नाल्यानं खाली येणार, आणि खाली गाव, हायवे, पार्किंग, टपऱ्या. पूर्वी तिथे फक्त गाव होतं आणि गावानं घरं कुठे बांधायची हे शेकडो वर्षांच्या अनुभवातून ठरवलेलं होतं. आता नाल्याच्या कडेला सपाट जागा दिसली की पार्किंग.

जुलै २०२१ मध्ये तोजिंग नाल्याला अचानक पूर आला आणि त्यात माणसं वाहून गेली, पट्टन खोऱ्यातल्या लिंडूर गावात जमिनीला आणि घरांना भेगा पडल्यात आणि खाली जाहलमा नाला किनारा खातोय. म्हणजे इथला डोंगर मुळातच अस्थिर आहे. तळ्यावर अलार्म यंत्रणा बसवणं, नाल्याच्या पात्रात एकही टपरी किंवा पार्किंग न ठेवणं, ही कामं गावाच्या ठरावानं होणारी नाहीत, त्याला राज्य आणि केंद्राचा पैसा आणि तज्ज्ञ लागतात. इथे मात्र गावाला एकटं सोडून चालणार नाही.

उरलेला अर्धा जिल्हा आणि पुढचा टनेल

स्पितीला हिवाळ्यात या टनेलचा काहीच उपयोग नाही, कारण मधे कुंजुम बंद. काझाच्या माणसाचं केलाँगला जिल्हा मुख्यालयात जानेवारीत काम निघालं तर त्याला किन्नौरमधून सतलजच्या कडेनं खाली, मग वळसा घालून कुल्लू, मनाली आणि टनेलमधून केलाँग, असा अनेक दिवसांचा प्रवास. म्हणूनच काझाला वेगळे अतिरिक्त जिल्हाधिकारी आहेत, १९८६ पासून सिंगल लाइन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाची व्यवस्था आहे, आणि ती व्यवस्था चांगली आहे. कुंजुमखालूनही टनेल हवा ही मागणी होते ती यामुळे.

दुसरीकडे लाहौलच्याच उत्तरेला शिंकुला खिंडीच्या खालून ४.१ किलोमीटरचा टनेल होतोय, २६ जुलै २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पहिला स्फोट झाला. तो झाला की मनाली-दारचा-पदुम-निमू हा रस्ता लडाखकडे बारमाही होणार. सैन्याला त्याची गरज आहे, लडाखमधल्या झांस्करच्या लोकांना त्याहून जास्त गरज आहे, त्यांचा हिवाळा लाहौलपेक्षाही कठीण. पण मग लाहौल हे हिवाळ्यातसुद्धा टनेलपलीकडचं शेवटचं टोक राहणार नाही, वाटेवरचं गाव होईल, ट्रक, टँकर, टुरिस्ट सगळे इथूनच जाणार. फेब्रुवारीत सिस्सूच्या पंचायतीनं ठराव केला तर थ्रू ट्रॅफिकला तो लागू होणार का, डे-ट्रिपवाल्याला आणि लेहला जाणाऱ्याला वेगळं कसं करणार, हायवेच्या कडेचा कचरा कोणाचा?

म्हणून मला वाटतं शिंकुलाचं काम पूर्ण व्हायच्या आत तीन गोष्टी लिखित स्वरूपात व्हायला हव्यात. उत्तर टोकाला टुरिस्ट गाड्यांची रोजची मर्यादा, आणि ती ठरवताना पंचायतींची सही बंधनकारक. तिथे जी फी घेतली जाईल तिचा ठरावीक हिस्सा थेट पंचायतीला, कचरा खाली न्यायला आणि सणाच्या बंदीत ज्यांचं उत्पन्न बुडतं त्या पोरांना द्यायला. आणि सणाची बंदी दरवर्षी नव्यानं भांडून घ्यायला लागू नये, ती जिल्ह्याच्या नियमातच असावी, थ्रू ट्रॅफिक चालू ठेवून. यातलं काहीही तीन हजार कोटींचं काम नाही. केलाँगच्या डेप्युटी कमिशनरच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, ऑफिसात पंचायती, महिला मंडळं आणि बीआरओ यांना एकत्र बसवलं तर एका उन्हाळ्यात होईल. कुंजुमचा टनेल मंजूर झालाच तर स्पितीच्या लोकांनी मात्र हे सगळं पहिल्या स्फोटाच्या आधीच मागून घ्यावं.